माईक काढून घेतला, पिस्तूल दिले

आमच्या गच्चीवर कबुतरे येऊ नयेत म्हणून आईने दोरीला जुन्या सीड्या बांधून ठेवल्या आहेत. वाऱ्यावर त्या फिरतात, त्यांचे कवडसे समोरच्या बराकीच्या पत्र्यावर नाचतात, आणि कबुतरे खुशाल त्यांच्याच शेजारी येऊन बसतात. या सीड्या माझ्या मामाच्या दुकानातल्या. आमच्या कॅम्प ४ मध्ये रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तर चित्रपटगृहाच्या नावाने सांगावा लागतो, व्हीनस चौक नाहीतर श्रीराम चौक. या दोन चौकांच्या मधल्या एका गल्लीत मामाचे दुकान होते. आधी तो व्हिडिओ कॅसेट भाड्याने देत असे, मग सीड्या, आणि आता त्याच गाळ्यात मोबाईलची कव्हरे विकतो. दुकानाचे शटर तेच आहे, गिऱ्हाईकही बहुतेक तेच आहे.

लहानपणी शाळा सुटली की मी दुकानात बसत असे. गिऱ्हाईक चित्रपटाचे नाव सांगत नसे. "फायटिंगवाली दे" एवढेच म्हणे. मामाचा एक ठोकताळा होता : वेष्टनावरचे पिस्तूल जितके मोठे, तितकी ती सीडी जास्त वेळा भाड्याने जाते. हिंदीत डब केलेल्या अशा अमेरिकन चित्रपटांचा एक खणच्या खण भरलेला असे. वेष्टनावर एखादा कृष्णवर्णीय, रुंद खांद्यांचा गृहस्थ उभा असायचा. गळ्यात जाड साखळी, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात ते मामाच्या आवडीचे मोठे पिस्तूल, आणि पाठीमागे काहीतरी पेटलेले. हे चित्रपट मी पुष्कळ पाहिले. चांगले होते असे म्हणणार नाही. पण मला आवडत.

वाचकहो, त्या वेष्टनांवरचे कितीतरी गृहस्थ मुळात गाणारे होते, हे मला महाविद्यालयात आल्यावर कळले. आणि गाणारे म्हणजे साधे नव्हेत. रॅप नावाचा जो काव्यप्रकार आज आपल्या गल्लीबोळांतून ऐकू येतो, त्याच्या पहिल्या-दुसऱ्या फळीतले हे लोक. त्यांच्या तोंडून निघालेल्या शब्दांनी अमेरिकेत सभागृहे हादरली, खटले झाले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. मी मात्र त्यांना वर्षानुवर्षे पाहत होते आणि हा माणूस गातो अशी शंकासुद्धा मला कधी आली नव्हती. माझी तक्रार काय आहे ती एवढ्यावरून कोणाच्याही लक्षात येईल.

रॅपची जन्मकथा आता सर्वांना ठाऊक आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क या तरुणाने एका इमारतीच्या सभागृहात नाचगाण्याचा कार्यक्रम केला, तो या प्रकाराचा आरंभ मानतात. तबकडीवरचा ठेका लांबवायचा आणि त्यावर यमकांत बोलत जायचे. पुढे दोन गडी समोरासमोर उभे राहून एकमेकांना शब्दांनी चीत करू लागले. आपल्या कलगी-तुऱ्याची आठवण कोणालाही व्हावी. प्रत्येक गोष्ट आपल्याकडे आधीच होती असे म्हणण्याची खोड मला नाही. परंतु डफावर थाप मारून सवाल टाकणारा आणि माईक धरून समोरच्याला उत्तर देणारा, या दोघांचे भांडवल एकच. हाती पैसा नाही, जागा नाही, पाठीशी कोणी नाही. आहे ती जीभ.

या जिभेला चित्रपटवाल्यांनी पहिल्यांदा ओळखले तेव्हा तिला बोलू दिले. 'वाइल्ड स्टाइल' (१९८३) हा अगदी थोड्या पैशात काढलेला चित्रपट. त्यात ब्रॉन्क्समधले खरे गाणारे आणि भिंती रंगवणारे स्वतःच स्वतःच्या भूमिका करतात आणि भरपूर गातात. 'क्रश ग्रूव्ह' (१९८५) मध्ये रन-डीएमसी, फॅट बॉइज, कर्टिस ब्लो, पोरसवदा एलएल कूल जे असे सगळेच येऊन आपापले गाऊन जातात. कथा बेताची, पण तक्रार करावीशी वाटत नाही. जत्रेत कथा कोण शोधतो?

१९८८ साली रन-डीएमसी या त्रिकुटाचा 'टफर दॅन लेदर' आला. इथून वाट वळली. त्यांच्या मित्राचा खून होतो आणि हे तिघे सूड घेतात, अशी गोष्ट. गाणी आहेत, पण आता गाण्यापेक्षा मारामारीला महत्त्व. समीक्षकांनी चित्रपटाचे वाभाडे काढले. या तिघांपैकी जॅम मास्टर जे याला ३० ऑक्टोबर २००२ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याच्याच ध्वनिमुद्रण-कक्षात कोणी गोळ्या घालून ठार मारले. चित्रपटातल्या गोळीबाराला हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. हे लोक ज्या वस्तीतून आले तिथे पिस्तूल ही केवळ रंगभूषेची वस्तू नव्हती.

मग आइस-टी. हा माणूस मला या सगळ्या प्रकरणाचा नायक वाटतो आणि बळीही. 'न्यू जॅक सिटी' (१९९१) मध्ये तो पोलीस झाला. सुमारे ८० लाख डॉलरांत झालेल्या त्या चित्रपटाने त्याच्या पाचपटींहून अधिक कमावले, आणि चित्रपटवाल्यांना हिशेब समजला. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, त्याच्या बॉडी काउंट या वाद्यवृंदाच्या एका गाण्यावर अमेरिकेतल्या पोलीस संघटना इतक्या खवळल्या की ते गाणे तबकडीतून काढून टाकावे लागले. आणि तोच आइस-टी २००० सालापासून दूरदर्शनच्या एका मालिकेत पोलिसाचे काम करीत आला आहे. पोलिसांविरुद्ध गायला तर गाणे मागे घ्यावे लागते आणि पोलिसाचा वेष घातला तर वर्षानुवर्षे पगार मिळतो. याला काय म्हणावे ते मला सुचत नाही.

मामाच्या खणात जे भरलेले असे ते याच्या पुढचे पीक. 'मीन गन्स' (१९९७), 'अर्बन मेनेस' (१९९९), 'करप्ट' (१९९९), सगळे अल्बर्ट प्यून या दिग्दर्शकाचे आणि सगळ्यांत आइस-टी. 'अर्बन मेनेस'मध्ये स्नूप डॉग आहे, बिग पन आहे, फॅट जो आहे. नावे वाचून वाटावे, केवढी मैफल! प्रत्यक्षात ओसाड इमारतींतून माणसे धावतात आणि गोळ्या झाडतात. अमेरिकेतल्या बकाल वस्तीची म्हणून दाखवलेली ती जागा स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हा शहरातली आहे. तिथे चित्रीकरण स्वस्त पडते म्हणून असे तीन चित्रपट लागोपाठ उरकले.

हे असे का होते, याचा मी मामाशी बसून विचार केला. मामा अर्थशास्त्र शिकलेला नाही, पण त्याने वीस वर्षे सीड्या भाड्याने दिल्या आहेत. त्याचे म्हणणे असे : चित्रपटगृहात न जाता थेट दुकानात येणारा माल वेष्टनावर खपतो. वेष्टनावर ओळखीचे तोंड हवे. गाणाऱ्याचे तोंड पोरांच्या ओळखीचे आणि नटापेक्षा स्वस्त. त्याला दोन-तीन दिवस बोलवायचे, टेबलामागे बसवायचे, फोनवर बोलायला लावायचे, अंधारात चालवायचे. उड्या दुसराच कोणी मारतो. "आणि गाणे?" मी विचारले. मामा म्हणाला, "गाण्याचे पैसे वेगळे लागतात, बाई." ते खरेच आहे. ध्वनिमुद्रित गाण्याचे हक्क बहुधा कंपनीच्या ताब्यात असतात. माणूस दिवसाच्या बोलीवर मिळतो, पण त्याचा आवाज विकत घ्यायला दुसऱ्या दुकानात जावे लागते. म्हणून माणूस घेतात आणि आवाज सोडून देतात.

आता आमच्या वर्गातला एक पक्ष म्हणेल की असल्या हलक्या चित्रपटांवर वार्षिकाची पाने खर्च कशाला करता? मला हा युक्तिवाद कॅम्प ४ मध्ये राहून मान्य करता येत नाही. आमचे गाव दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत, फाळणीत सगळे गमावून आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभे केले. १९४९ साली त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. इथल्या मालावर 'मेड इन यूएसए' असे लिहिलेले असते आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मुंबईच्या लोकांनी आम्हाला हजार वेळा ऐकवला आहे. ऐकवणाऱ्याच्या अंगातली जीन्स पुष्कळदा इथलीच असते. स्वस्त म्हणजे वाईट आणि नक्कल म्हणजे पाप, हे ज्यांच्या आजोबांना बराक मिळाली नाही त्यांनी म्हणावे. आम्हाला ठाऊक आहे की स्वस्तातही शिवण सरळ घालता येते.

मालेगावचेच पाहा. यंत्रमागावर काम करणाऱ्या लोकांच्या त्या गावात नासिर शेख यांनी २००० साली आपला 'शोले' काढला, पुढे सुपरमॅन उडवला. फैझा अहमद खान यांचा २००८ चा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट ज्यांनी पाहिला त्यांना सुपरमॅन झालेला शफीक शेख हा काटकुळा यंत्रमाग कामगार विसरता येणार नाही. पैसा नाही, कॅमेरा हलवायला साधने नाहीत, सगळा जुगाड. पण ती माणसे पडद्यावर आपल्या बोलीत बोलतात, आपल्या गटारांवर, आपल्या तंबाखूवर हसतात. आपल्या 'सुपरमॅन'साठी त्यांनी जेवढा खर्च केला तेवढ्यात अमेरिकेतल्या त्या स्वस्त चित्रपटाचे एका दिवसाचे चहापाणीही झाले नसते. पण तोंडे त्यांचीच होती. तेव्हा पैसा कमी होता ही सबब मी धरत नाही.

आपल्याकडच्या रॅपवाल्यांचे काय झाले? व्हॅनिला आइस नावाचा अमेरिकन गायक १९९० मध्ये एका गाण्याने गाजला आणि १९९१ मध्ये 'कूल अ‍ॅज आइस' या चित्रपटाचा नायक झाला. त्याच गाण्याच्या वळणावर लखनौच्या बाबा सहगलने १९९२ मध्ये 'ठंडा ठंडा पानी' काढले. मामाने त्या कॅसेटी किती विकल्या याची गणती नाही. मग रिवाजाप्रमाणे बाबा सहगलही 'मिस ४२०' (१९९८) मध्ये नायक झाला. चित्रपट फारसा चालला नाही. पण एक सांगितले पाहिजे, त्यात त्याला गायला मिळाले. यो यो हनी सिंग याने २०१६ मध्ये 'जोरावर' या पंजाबी मारधाडपटात नायकाचे काम केले. तिथे पुन्हा तोच दंडधारी पवित्रा.

आणि २०१९ चा 'गली बॉय'. तो मात्र थोड्या पैशातला नव्हे. डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या दोन रॅपवाल्यांच्या आयुष्यावरून तो सुचला. नेझी कुर्ल्याचा. आमच्या कॅम्प ४ लाही जुने लोक कुर्ला कॅम्प म्हणतात, पण हा योगायोग, त्यावरून मी काही सिद्ध करीत नाही. चित्रपट चांगला आहे, मी दोनदा पाहिला. पण त्यात उलटी गंमत झाली. आवाज वस्तीचा घेतला आणि चेहरा रणवीर सिंगचा. खरे रॅपवाले गर्दीत क्षणभर दिसून जातात. म्हणजे हलक्या चित्रपटात आमचा चेहरा हवा, आवाज नको. भारी चित्रपटात आवाज हवा, चेहरा नको. दोन्ही एका वेळी मागायला कोणी तयार होत नाही.

कोणीच होत नाही असे नव्हे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) मध्ये नारायण कांबळे हा वयस्क शाहीर वीरा साथीदार यांनी उभा केला. ते व्यवसायाने नट नव्हते. नागपूरचे चळवळीतले कार्यकर्ते, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. गाणी संभाजी भगत यांची. तो चित्रपट मला कोणत्याही मारधाडपटाहून भयंकर वाटतो, कारण त्यात गाण्यावरच खटला चालतो. साथीदार २०२१ मध्ये गेले. त्याही आधी शाहीर अमर शेखांनी 'प्रपंच' (१९६१) मध्ये भूमिका केली होती. पण आमच्या आजोबांच्या पिढीला ते आठवतात ते संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतल्या आवाजाने, पडद्यावरच्या चेहऱ्याने नव्हे.

इथवर जे लिहिले ते मी मामाच्या सीड्यांवरून लिहिले असते आणि थांबले असते. पण गेल्या वर्षी एक गोष्ट घडली.

माझ्या वर्गातला एक मित्र रॅप करतो. सुभाष टेकडीकडे राहतो. वडील जीन्सच्या कारखान्यात ओव्हरलॉकच्या मशीनवर, आई घरी बसून तयार जीन्सचे धागे कापते, नगावर पैसे. मित्राचे बहुतेक रॅप या धाग्यांवर आहेत. शंभर जीन्सचे धागे कापल्यावर किती मिळतात, ते पैसे मोजताना आईच्या अंगठ्याला कशी चीर पडते, आणि तीच जीन्स मॉलमध्ये कितीला लागलेली असते. तो मराठीतच करतो, मधूनच सिंधीतली एखादी शिवी घालतो, ती कॅम्पात जन्मलेल्या प्रत्येकाला येते. त्याचा एक व्हिडिओ पाहून चित्रपट काढणाऱ्या एका मंडळीने त्याला बोलावले. बदलापूरच्या बाजूला एका बंद शेडमध्ये चित्रीकरण होते. मित्र वही घेऊन गेला होता. त्यांनी वही पाहिली नाही. त्याला काळा बनियन दिला, हातात खोटे पिस्तूल दिले आणि सांगितले, तुझा चेहरा एकदम फिट आहे.

कशाला फिट, हे त्याने विचारले नाही. मी विचारते. आमच्या वर्गात निरनिराळ्या आळ्यांतून आलेली साठ तोंडे आहेत. त्यांतले कोणते गुंडाचे आणि कोणते वकिलाचे, हे एका नजरेत कळणारे शास्त्र या लोकांनी कुठे शिकून घेतले? ज्या मुलाने धाग्यांवर कविता केली त्याच्या तोंडावर त्यांना कविता दिसली नाही, टेकडी तेवढी दिसली.

मी त्याच्याशी भांडले. म्हटले, तू गेलासच कशाला? तो शांतपणे म्हणाला, "दोन दिवसांचे चार हजार दिले. आईला तेवढे मिळवायला किती जीन्स लागतात सांग." मला सांगता आले नाही. मग तोच म्हणाला, "आइस क्यूबने 'फ्रायडे'ची कथा दुसऱ्या एकाला जोडीला घेऊन स्वतः लिहिली, १९९५ मध्ये. आधी दुसऱ्यांच्या चित्रपटांत उभा राहिला, मग लिहिली. मास्टर पी ने १९९७ मध्ये स्वतःच्या पैशांवर चित्रपट काढून दुकानांत विकला. ते काय पहिल्याच दिवशी?" त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. 'फ्रायडे'मध्ये आइस क्यूब गात नाही, तरी त्यातली गल्ली, तिथले ओटे आणि शेजारी त्याच्याच शब्दांतले आहेत. म्हणजे माईक गेला तरी लेखणी राहू शकते. हे मला आधी सुचले नव्हते आणि त्यामुळे माझा मूळ मुद्दा थोडा लंगडा पडतो, हेही इथेच कबूल करते. तरी जे दोघे वर आले त्यांची नावे आपल्याला पाठ आहेत. वही न उघडताच परत आलेल्यांची कोणी यादी केलेली नाही.

तो चित्रपट कुठल्याही पडद्यावर लागला नाही. मोबाईलवर आला. मित्राच्या घरी आम्ही सगळे एका मोबाईलभोवती बसून पाहिला. चाळीस मिनिटांच्या त्या प्रकरणात मित्राला दोन वाक्ये आहेत आणि तिसऱ्या वाक्याच्या आत त्याला गोळी लागते. वडील काही बोलले नाहीत, पण त्यांना अभिमान वाटला असावा, कारण त्यांनी शेजाऱ्याला हाक मारली. आईने तेवढाच भाग बोटाने मागे घेऊन पुन्हा पाहिला, पुन्हा मागे घेतला. मग म्हणाली, "मारलं ते मारलं. आधी गाऊ तरी द्यायचं होतं की रे."

त्याच मंडळींचा पुन्हा फोन आला आहे. या वेळी हवालदाराचे काम आहे, म्हणजे बढतीच म्हणायची. चित्रीकरण नेमके आमच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी. संमेलनात फिशपाँड आणि बक्षीस-समारंभ यांच्या मध्ये रॅपसाठी पाच मिनिटे मिळाली आहेत, तीही मागून मागून. कार्यक्रमाची यादी माझ्याकडे आहे. त्याचे नाव मी लिहून ठेवले आहे. तो येतो की नाही ते अजून सांगत नाही. विचारले की म्हणतो, वहीत नवीन काहीतरी चालले आहे, पोलिसाच्या टोपीवर.